उसना गनर

पार्सलातला डबा हातात यायच्या आधीच जर्मन शिपाई त्याला टोच्यानं भोक पाडायचा. कुणी खाणं साठवून पळून जाऊ नये म्हणून ही अक्कल. भोक पडलं की मटण मे महिन्यात दोन दिवससुद्धा टिकत नाही. म्हणून कैद्यांच्या कॅम्पात सगळे चार-पाच जणांच्या टोळीनं जेवायचे. आज तुझा डबा फोडू, उद्या माझा. बर्ट ओल्डरॉइडला टोळी नव्हती. तो सकाळी मटण खायचा, दुपारी तेच खायचा, संध्याकाळी नाकाशी धरून बघायचा आणि परत तेच खायचा.

बराकीत ब्रिटिश हवाई दलातली सोळा माणसं होती. सगळी विमानातून पडलेली, सगळी सार्जंट. मधे एक चूल, तिच्यावर स्वैपाकाचे नंबर लागायचे. बर्टचा नंबर शेवटचा. तो चुलीपाशी जाईस्तोवर निखारे राख झालेले असायचे. चहा कोमट व्हायचा. त्याबद्दल भांडावं म्हटलं तर भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि बर्टचा जोर मार्चमध्येच कुठंतरी जर्मनीवर सांडला होता.

"काय रे," टिच म्हणायचा. टिच लंडनचा, साडेपाच फुटाच्या आतला, तोंड मात्र सहा फुटी. "आईचं नाव तरी आठवतंय का? का तिलापण नुसतं 'आई' म्हणूनच ओळखतोस?"

बराक हसायची. बर्ट कोमट चहा प्यायचा.

भानगड अशी होती. मागच्या शरद ऋतूत या बराकीत एक सार्जंट आला होता. गोड बोलायचा, सिगारेटी वाटायचा, सगळ्यांच्या बायकापोरांची चौकशी करायचा. आठ दिवसांत जर्मनांनी फरशीखालचं भुयार बरोब्बर जिथं तोंड होतं तिथंच उकरलं आणि तो सार्जंट दुसऱ्या दिवशी हजेरीला नव्हता. तेव्हापासून नवा माणूस आला की आधी व्हिटकरकडे. व्हिटकर लढाईच्या आधी वकिलाकडे कारकून होता. तो आवाज चढवायचा नाही. गुडघ्यावर वही असल्यासारखा हात ठेवून प्रश्न विचारायचा. एक तर कॅम्पातल्या कुणीतरी शपथेवर सांगायला पाहिजे की ह्याला मी आधीपासून ओळखतो. नाहीतर त्या माणसानं असं काहीतरी सांगायला पाहिजे जे जर्मनांना ठाऊक असणं शक्यच नाही.

बर्टच्या स्क्वॉड्रनचे दोघे कॅम्पात होते, पण ते वर्षापूर्वी पडलेले. त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

"स्क्वॉड्रनच्या साहेबाचं नाव?" व्हिटकरनं एप्रिलमध्ये विचारलं होतं. बर्टनं सांगितलं.

"जवळच्या दारूच्या गुत्त्याचं?" तेही सांगितलं. गुत्तेवाल्याच्या बायकोचा एक डोळा तिरळा आहे, हेसुद्धा सांगितलं.

"ठीक. हे जर्मनांनाही ठाऊक असतं. आता तुझ्या पायलटचं नाव सांग."

आणि तिथं घोडं अडलं.

"मला माहीत नाही," बर्ट म्हणाला.

"नेव्हिगेटरचं?"

"नाही माहीत."

"एकाचं तरी?"

"नाही."

व्हिटकरनं मान हलवली, जशी माणूस दुकानदाराचा भाव ऐकून हलवतो. "तुम्ही सात माणसं एका विमानात बसून जर्मनीपर्यंत येता, आणि तुला एकाचंही नाव ठाऊक नाही."

"मी उसना होतो," बर्ट म्हणाला.

हे खरं होतं. बर्ट गनर, विमानाच्या शेपटीत बसून मशीनगन चालवणारा. त्याचा स्वतःचा क्रू होता, एकोणीस फेऱ्या एकत्र मारलेला. फेब्रुवारीत त्याचा कान फुटला, पू यायला लागला, डॉक्टरनं आठ दिवस खाटेवर टाकला. त्या आठ दिवसांत त्याचा क्रू दुसरा गनर घेऊन गेला आणि आला नाही. कान बरा झाला तेव्हा बर्टकडे गणवेश होता, बिल्ला होता, आणि बसायला विमान नव्हतं. असा गनर म्हणजे उसना गनर. कुणाला सर्दी झाली, कुणाचा पाय मुरगळला, की याला पाठवा. एका क्रूबरोबर एक रात्र, दुसऱ्याबरोबर दुसरी. उसना माणूस कुणालाच नको असतो. अपशकुनी म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण ट्रकमध्ये बाजूला सरकून बसतात.

त्या रात्री तर निघायला पाऊण तास असताना बोलावणं आलं. कुणाच्या तरी मागच्या गनरनं सायकलवरून पडून मनगट मोडलं होतं. बर्ट धावतपळत गेला, विमानाची इंजिनं सुरूच होती. अंधार, तोंडावर मास्क, एक उंच माणूस शिडीपाशी उभा. "मागचा तू का?" "हो." "बरं." एवढीच ओळख. पुढं इंटरकॉमवर कुणी कुणाला नावानं हाकच मारत नाही. स्किपर म्हणजे पायलट, मग नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, मागचा गनर, वरचा गनर. काम म्हणजेच नाव.

हे सगळं त्यानं व्हिटकरला सांगितलं. व्हिटकरनं ऐकून घेतलं.

"शेवटी काय झालं?"

"फायटर आला. मी ओरडलो, स्किपरनं गोता मारला, पण उशीर झाला. पंख पेटला. मी उडी मारली."

व्हिटकरनं गुडघ्यावरचा हात उचलला. "शेवटचं फार भरभर सांगितलंस," तो म्हणाला. आणि त्यानंतर सहा आठवडे बराकीत बर्ट आला की बोलणं बंद व्हायचं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसते गप्प व्हायचे. माणूस मार खाऊन झोपू शकतो. असल्या गप्पपणात झोप लागत नाही.

*

मेच्या तिसऱ्या आठवड्यात जर्मनांच्या इस्पितळातून एक ट्रक आला. त्यातून चौघं उतरले. त्यातल्या एकाच्या डोक्याला नाकापर्यंत बँडेज, दोन्ही हातांना बँडेज, बोटं दिसतच नव्हती. त्याला धरून आणला तो ड्यूगल रेनीनं. ड्यूगल बराकीचा मुख्य. स्कॉटलंडचा, एकतीस वर्षांचा, पण एक्केचाळीस सालापासून कैदेत म्हणून सगळे त्याला म्हातारा म्हणायचे.

"हा इव्हान प्रॉसर," म्हातारा म्हणाला. "वेल्सचा. बॉम्ब टाकायचा. डोळ्यांचं दोन महिन्यांनी कळेल म्हणतात. तोपर्यंत ह्याला कुणी 'बघ, बघ' म्हणायचं नाही. टिच, तुला सांगतोय."

"मी काय केलंय!"

"अजून काही नाही. म्हणूनच आधी सांगतोय."

इव्हाननं तारीख सांगितली, स्क्वॉड्रन सांगितलं, शहर सांगितलं. खाटेवर बसलेल्या बर्टच्या हातातला चमचा तसाच राहिला. तीच तारीख. तेच शहर. आणि तो बसका, गाण्यासारखा चढणारा-उतरणारा आवाज. त्या रात्री चार तास तो आवाज कानात होता. 'डावीकडे, डावीकडे, असंच ठेव.'

"ह्याला विचारा," बर्ट उठून म्हणाला. "मी ह्याच्याच विमानात होतो."

बराक वळली. इव्हाननं बँडेज बांधलेलं डोकं आवाजाकडे वळवलं.

"उद्या," ड्यूगल म्हणाला. "व्हिटकर विचारेल. नीट, पद्धतशीर. तू खाली बस."

बर्ट खाली बसला. सहा आठवडे तो वाट बघत होता की कुणीतरी यावं, त्याला ओळखावं. आता आला, तर तो नसता आला तर बरं असं बर्टला वाटत होतं. कारण एकच. त्या विमानात शेवटच्या मिनिटाला काय घडलं ते आजवर जगात फक्त त्याला ठाऊक होतं, असं त्याला वाटत होतं. आता ते ऐकलेला दुसरा माणूस समोरच्या खाटेवर बसला होता.

*

व्हिटकरनं दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघर निवडलं. दाराशी टिचला उभा केला, जर्मन फिरकला तर शीळ घालायला. आत दगडी हौद, ओली फरशी, साबणाचा वास. इव्हान पालथ्या बादलीवर बसला होता. ड्यूगल भिंतीला टेकून. बर्ट मधोमध उभा, शाळेत छडी खायला उभं राहतात तसा.

"इव्हान," व्हिटकर म्हणाला, "तुमच्या मागच्या गनरचं नाव काय होतं?"

"आमच्या गनरचं नाव होतं पर्सी. तो सायकलवरून पडला. त्या रात्री दुसरा कुणीतरी होता. नाव नाही विचारलं आम्ही." मग तो म्हणाला, "विचारायला पाहिजे होतं."

टिचनं दारातून तोंड आत घातलं. "म्हणजे हा खरंच..."

"टिच, बाहेर बघ," ड्यूगल म्हणाला.

व्हिटकर बर्टकडे वळला. "सायकलचं तू आधीच सांगितलं होतंस, मान्य. पण सायकलवरून गनर पडला ही बातमी त्या गुत्त्यातसुद्धा कळली असणार, आणि गुत्त्यातलं जर्मनांना कळतं. तेव्हा एकच गोष्ट उरते. फायटर आला तेव्हा विमानात काय काय बोलणं झालं, ते इव्हाननं सकाळी मला सांगितलंय. शब्दन् शब्द. विमान पडलं, ऐकणारे पाच जण गेले. आता तू सांग. जुळलं तर तू आमचा."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर मी तुझ्या जागी असतो तर भिंतीकडे पाठ करून झोपलो असतो."

बर्टनं इव्हानकडे बघितलं. बँडेजखाली चेहरा आहे की नाही तेही कळत नव्हतं. एप्रिलमध्ये सांगितलेलं परत सांगता आलं असतं. मी ओरडलो, स्किपरनं गोता मारला. गुळगुळीत, कुठंही न टोचणारं. पण ते इव्हानच्या शब्दांशी जुळणार नव्हतं, आणि मग तो हेर ठरणार होता. आणि खरं सांगितलं तर तो हेर ठरणार नव्हता. तो जे होता तेच ठरणार होता.

त्याला इतकं थकल्यासारखं झालं की क्षणभर वाटलं, हेर तर हेर. करा काय करायचं ते.

"मी म्हणालो," तो बोलायला लागला आणि थांबला. त्यानं खाकरून परत सुरुवात केली. "मी म्हणालो, 'फायटर! डावीकडे गोता, आत्ता!'"

"त्याआधी?"

"त्याआधी काही नाही."

"काहीच नाही?" व्हिटकरचा आवाज तसाच, मऊ.

"नाही. आधी 'मागचा गनर' म्हणायचं असतं. कोण बोलतंय ते आधी सांगायचं, मग काय ते. पहिल्या दिवसापासून तेच शिकवतात. मी नाही म्हणालो." बर्टला घाम सुटला होता. "माझा जुना स्किपर माझा खोकला ओळखायचा. एकोणीस फेऱ्यांत एकदाही मला मी कोण ते सांगावं लागलं नाही. मी ओरडायचो आणि विमान खाली गेलेलं असायचं. सवय. तसाच ओरडलो."

"मग?"

"मग विमान सरळच चाललं होतं. स्किपर म्हणाला, 'कोण बोलतंय?'"

इव्हाननं बँडेजातले हात मांडीवर जरा हलवले.

"त्याला वाटलं असेल दुसऱ्या विमानातला आवाज घुसलाय," बर्ट म्हणाला. "कधीकधी कुणाचं तरी बटण चालू राहतं आणि परक्याचा आवाज कानात येतो. माझा आवाज त्याला परकाच होता की. त्यानं विचारलं त्यात त्याची काय चूक."

"त्यानं 'कोण बोलतंय' विचारलं. मग तू काय म्हणालास?"

हौदात नळाचं पाणी ठिबकत होतं.

"तू काय म्हणालास, बर्ट?"

"मी म्हणालो, 'मी!'"

दाराशी टिचनं फस्सकन श्वास सोडला.

"आणि स्किपर म्हणाला, 'मी कोण, च्यायला?' तेवढ्यात पंखात आग आली. त्यानं गोता मारला, पण तेव्हा मारून काय उपयोग. दोन शब्द लागले असते मला. दोन." त्याला अजून काही म्हणायचं होतं, पण पुढं काही नव्हतंच. "झालं. एवढंच."

व्हिटकरनं इव्हानकडे बघितलं, मग आपण बघतोय ते त्याला दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "इव्हान?"

बर्टला वाटलं आता हा उठेल आणि आंधळेपणानं का होईना, आपल्याला मारायला येईल. आला असता तर बर्ट हललाही नसता.

"हाच," इव्हान म्हणाला. "जर्मनांनी माणूस पाठवला असता तर नावं घोकून घेऊन पाठवला असता. असलं गाढव आपल्याकडेच मिळतं."

ड्यूगल भिंतीपासून सुटा झाला. पुढं येऊन त्यानं बर्टच्या खांद्यावर हात ठेवला, जड, थोडा वेळच. "चल," तो म्हणाला. "आमच्या टोळीत चौघं आहोत. तू पाचवा. आज टिचचा डबा फुटणार आहे."

"माझा का?" टिच ओरडला. "उद्या माझा नंबर!"

"तू सहा आठवडे लय विनोद केलेस म्हणून."

*

त्या दिवसापासून बर्टला गरम चहा मिळायला लागला. कुणी माफी मागितली नाही. तशी पद्धत नव्हती. टिचनं एकदा त्याच्या खाटेवर अर्धी सिगारेट ठेवली आणि आपण नाहीच ठेवली असा चेहरा करून हिंडत राहिला. नव्या भुयाराच्या मातीच्या पिशव्याही बर्टच्या विजारीत यायला लागल्या. चालता चालता मैदानात ती माती सांडायची, पायानं पसरायची. तो आता आपला होता.

झोप मात्र आली नाही. आधी ती लोकांच्या गप्पपणामुळं येत नव्हती. आता एकाच्याच गप्पपणामुळं. रिकामी खाट फक्त बर्टच्या शेजारची होती, म्हणून इव्हान तिथंच आला. बर्ट त्याला सूप पाजायचा, संडासला न्यायचा, हजेरीला बाहीला धरून रांगेत उभा करायचा. इव्हान 'जरा डावीकडे', 'पायरी आहे का?', 'पुरे' एवढंच बोलायचा. शिवी दिली असती तरी चाललं असतं. बर्टनं दोनदा सुरुवात केली. "हे बघ, त्या रात्री..." इव्हान दोन्ही वेळा म्हणाला, "सूप गार होतंय."

नवव्या दिवशी दुपारी, बराक रिकामी असताना, इव्हान म्हणाला, "तुझ्याकडे पत्राचा कागद आहे?"

महिन्याला दोनच मिळायचे. एक बर्टनं घरी पाठवला होता. "एक आहे," तो म्हणाला.

"घे. माझ्याच्यानं लिहवत नाही. स्किपरच्या आईला लिहायचंय."

बर्टनं कागद काढला. पेन्सिल दातांनी टोकदार केली. त्याचे हात बरे होते. सगळ्या विमानात त्याचेच तेवढे बरे होते.

"नाव?" त्यानं विचारलं.

"फेअरब्रदर. पोरगा गॉर्डन." इव्हाननं पत्ता सांगितला, इप्सविचमधली एक गल्ली. बर्टनं एकेक अक्षर सावकाश लिहिलं.

"लिही. 'प्रिय फेअरब्रदर बाई. मी इव्हान. सुट्टीत तुमच्याकडे दोनदा आलो होतो, तुमच्या कोंबड्यांनी मला चोची मारल्या होत्या. माझे हात दुखावलेत म्हणून हे पत्र मित्राकडून लिहून घेतोय.'"

'मित्र' लिहिताना बर्ट जरा अडला, पण लिहिलं.

"'विमानाबद्दल लिहिलेलं जर्मन खोडतात, म्हणून थोडक्यात सांगतो. गॉर्डननं शेवटपर्यंत विमान सरळ धरलं म्हणून आम्ही दोघं उडी मारू शकलो. त्याला जायला फार वेळ लागला नसणार. घाबरलेला नव्हता.' झालं?"

"झालं."

"'त्या रात्री विमानात प्रत्येकानं आपापलं काम बरोबर केलं. कुणाचीही चूक नव्हती.'"

बराकीच्या खिडकीवर एक माशी डोकं आपटत होती. बाहेर मैदानात फुटबॉलची ओरड चालू होती.

"पेन्सिल थांबली," इव्हान म्हणाला.

"हो."

"का?"

"हे मी कसं लिहू?"

"पेन्सिलीनं."

"इव्हान, हे खोटं आहे."

"आहे." इव्हान उशीला टेकला. तोही दमला होता. एवढं बोलणं त्याचं नऊ दिवसांत पहिल्यांदाच झालं होतं. "ती एकटी राहते. नवरा आधीच गेलाय. तू खरं लिहिलंस तर तिनं काय करायचं? तुझं नाव घेऊन रोज शिव्या घालायच्या? तेवढं त्राण नसतं रे म्हाताऱ्या बाईला. तुला शिव्या पाहिजेत तर माझ्याकडून घे. तिला कामाला लावू नको."

"मग घाल ना शिव्या," बर्ट एकदम तडकला. सहा आठवडे, वर नऊ दिवस, सगळं एका झटक्यात वर आलं. "घाल की! नऊ दिवस सूप पितोयस माझ्या हातून, एक शब्द नाही!"

"दमलोय मी," इव्हान म्हणाला. "दमलो नसतो तर घातल्या असत्या. पुढं कधीतरी घालीन. आता लिही."

बर्टनं लिहिलं. पेन्सिल इतकी दाबली की कागदाला मागून वळ उठले. सही इव्हानच्या नावानं केली.

"वाचून दाखव," इव्हान म्हणाला.

बर्टनं पहिल्यापासून वाचलं. कोंबड्यांपाशी इव्हानच्या बँडेजखालून हसल्यासारखा आवाज आला. शेवटची ओळ बर्टनं भरभर उरकली आणि कागद घडी करायला घेतला.

"थांब," इव्हान म्हणाला. "ती शेवटची ओळ परत वाच."

बर्टनं कागद उलगडला आणि परत वाचली.